दोन्ही चाकांना जोर

१४ जुलै
गेली झुलालनानांची म्हैस! पारडू आडवं आलं होतं. वेळेत पोचले असते तर वाचवलं असतं. पण जीप नाल्यापलीकडच्या काळ्या मातीत रुतली — मागचं एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. शेवटी औषधांची पेटी घेऊन पायीच गेले. उशीर झाला होता.
नानांनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं. त्यांच्या बायकोनं, भिकुबाईंनी, उलट मलाच पाय धुवायला गरम पाणी दिलं. "तुम्ही पायी उनात, तेच बठ्ठं शे." मी पायी आले, तेच त्यांना खूप होतं.
कसली गुरांची डॉक्टर मी!

१६ जुलै
जळगावला गेले. मेहरूणमध्ये हारुनभाईंचं गॅरेज. ते म्हणाले, "ताई, मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचं असंच. जे चाक घसरतं, सगळा जोर तिकडेच पळतो. लिमिटेड-स्लिपचं बसवा, दोन्ही चाकं ओढतील."
घरी चंदनला सांगितलं. वाटलं, नवरा वेड्यात काढणार. तर म्हणाला, "बसव. दिवाळीची सहल पुढच्या वर्षी."

२४ जुलै
पार्ट आला. हारुनभाईंनी जुनं खोललं, नवं बसवलं. आतल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, क्राउनच्या, दातांना रंग फासून फिरवून बघितलं — ठसा दाताच्या मधोमध पडेना. पुन्हा खोललं. पुन्हा! मी म्हटलं, चालेल की. ते म्हणाले, "नाही चालणार. रस्ताभर रडेल गाडी." त्यांच्या बायकोनं, नसीमभाभींनी, मला आग्रहानं जेवू घातलं.
संध्याकाळी ठसा बरोब्बर मधोमध!

२५ जुलै
हारुनभाईंनी सांगितल्याप्रमाणे मोकळ्या मैदानात गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवली. अगदी सावकाश. वळताना मागून कटकट. लगेच गाडी थांबवली! हारुनभाई फोनवर हसले. "आतल्या प्लेटा नव्या आहेत, घासून घासून बसतील. मात्र पहिलं ऑइल बदलेपर्यंत चिखलात घालू नका."

२८ जुलै
रोज तेच आठ. गावात म्हणतात, डॉक्टरीणबाईला भोवळ आली. कटकट कमी झाली.

२ ऑगस्ट
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते.
दुपारी झुलालनानांचा फोन. कपाशी निंदताना भिकुबाईंना नाग चावला. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर अडकलेली, पुढे सगळा चिखल. मी जवळच्याच वस्तीवर होते. ऑइल बदललेलं नव्हतं. घातली गाडी!
नाल्याशी डावं चाक घसरलं. पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवला. मग उजव्यानं जमीन धरली — गाडी हळूच सरकली, आणि सरकतच राहिली!
नानांनी बायकोला उचलून मागे ठेवलं. तिच्या पापण्या मिटत होत्या. "बोलत ऱ्हाय वं, बोलत ऱ्हाय!" नाना सारखं तेच म्हणत होते. ॲम्ब्युलन्सशी आणून सोडलं. भिकुबाई आता धुळ्याच्या दवाखान्यात, मीही जीप घेऊन मागोमाग आले. श्वास मशीनवर.

३ ऑगस्ट
भीत भीत हारुनभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं केलं. तुम्ही तिथंच थांबा, ऑइल मी येऊन बदलतो." जळगावहून आले! दवाखान्याबाहेर रस्त्याकडेला गाडीखाली शिरले. सोबत नसीमभाभींनी नानांसाठी दिलेला डबा. ते नानांना ओळखतही नाहीत.
काय म्हणू या माणसांना!
भिकुबाई तशाच. रात्री मी घरी परतले.

४ ऑगस्ट
नानांचा फोन. श्वासाचं मशीन काढलं म्हणाले; रडत होते की हसत, कळेना.
"ताई, तिनी डोया उघडात. चहा मांगी ऱ्हायनी!"