पंख्यात अडकलेला कापूस

प्रिय टिटवी,

ऊन कलतंय आणि पिंजायचं यंत्र आत्ताच थांबवलंय. यंत्र थांबलं तरी कापूस लगेच खाली बसत नाही. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हात तो तरंगत राहतो, आणि मला उगाच वाटतं, आपण तुझ्या वेधशाळेच्या गच्चीवर आहोत आणि एखादा ढग अंगावरून चाललाय. ढगाला कापूस म्हटलं की तू चिडतेस, ठाऊक आहे. पण सगळा जन्म गाद्या शिवण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

लॅपटॉप बरा झाला, हे आधी सांगतो. तुला आठवत असेल, आपण व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तो मध्येच मान टाकायचा. ना सूचना, ना कुरकुर. चांगला चालू असायचा आणि एकदम काळा. मला वाटलं चार्जर गेला, म्हणून शेजारच्या शिंपीणबाईंचा आणून लावला. मग प्लगवर संशय घेतला, वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, “काका, प्लग ठणठणीत आहे, उगाच बिचाऱ्यावर आळ घेऊ नका.” लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा, बॅटरी म्हातारी झाली असेल.” नवी बॅटरी घातली. तीही दोन दिवस गुणानं वागली आणि पुन्हा तेच. शेवटी एकदा बंद पडल्यावर उचलायला गेलो तर खालून तव्यासारखा तापलेला. टेबलफॅन त्याच्याकडे वळवून ठेवला, तर बराच वेळ तग धरून राहिला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दुरुस्तीवालीनं तो माझ्यासमोर उघडला. आतल्या चिमुकल्या पंख्याभोवती आणि गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर कापूस असा दाटून बसला होता, जणू कुणी मुंगीसाठी उशी भरायला घेतली होती. हवा बाहेर जायला वाटच नाही. यंत्र फार तापलं की जळू नये म्हणून आपणहूनच बंद होतं, असं तिनं समजावलं. चिमट्यानं कापूस काढता काढता मला म्हणाली, “आजोबा, अंथरुणावर ठेवून वापरता का?” म्हटलं, “नाही गं बाई, मीच अंथरुणात राहतो.” ती इतकी हसली की स्क्रू खाली सांडले.

लेक नोकरीसाठी बाहेर पडली तेव्हा हा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली. त्याच्यावर एके दिवशी अचानक तुझा चेहरा उगवला. कॉलेजनंतर तू बदल्यांच्या मागे गावोगाव गेलीस, मी वडिलांच्या कारखान्यात रुजलो. माझा संसार झाला, चांगला झाला. बायको गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं होतं. मग रोज संध्याकाळी तू उद्याचं हवामान सांगायला लागलीस, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उद्याची वाट पाहायला लागलो. तुझ्या केसांत आता पांढरं आलंय, पण बोलताना मान तिरकी करायची खोड तीच. कधी कधी तू काय बोलतेस ते ऐकूच येत नाही, मी नुसता बघत असतो.

पण परवापासून तू फोनवर “कामात आहे” म्हणतेस. लॅपटॉप बंद पडला होता असा निरोप पाठवला, त्यावर तुझा एकच शब्द आला: “बरं.” तुझं ‘बरं’ मी ओळखतो. ते अजिबात बरं नसतं. म्हणून हे लिहायला बसलो. कागद मध्येच बंद पडत नाही.

परवा लॅपटॉप बंद पडायच्या आधी तू म्हणालीस, “निवृत्त झाल्यावर मी तिकडेच राहायला आले तर? तुझ्या घरात? चालेल का रे तुला?” एवढं सगळं मला नीट ऐकू आलं. उत्तर द्यायला मी खुर्ची पुढे ओढली, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी झाली. तुला वाटलं असणार, हा पळाला. अगं, मी तिथेच बसून होतो, आणि त्या काळ्या काचेला मोठ्यानं म्हणालो, “ये! कधी येतेस?” पिंजायचं यंत्र बंद होतं, त्यामुळे सगळ्या कारखान्यानं ऐकलं. टाके घालणाऱ्या दोघी सुया टाकून उठल्या. शिंपीणबाई साखर घेऊन आल्या. लेकीला कुणीतरी परस्पर कळवलं, तर ती फोनवर रडली आणि मग मला म्हणाली, “पूर्वेची खोली रिकामी करा, बाबा, तिथून आकाश दिसतं.” माझं उत्तर आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, टिटवे. फक्त तुलाच कळायचं राहिलंय.

तुझाच,
गादीवाला