राक्षस मेला, पुरावा नाही

प्रिय धाकटे भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद घ्या, सध्या ते फारसे मनापासून नसले तरी. तुमची तब्येत ठणठणीत असेलच; लोकांना कामाला लावून लांब बसणाऱ्यांची असतेच. इकडे तुमच्या दादांची पाठ धरली आहे (कारण पुढे येईल) आणि माझं डोकं उठलं आहे. आई मात्र बऱ्या आहेत असं स्वतः सांगतात, म्हणजे काय ते तुम्ही समजा.

तुम्ही फोनवर हसलात, तिथून हे सगळं सुरू झालं. व्हिडिओ गेमच्या शेवटच्या टप्प्यातला आठ हातांचा राक्षस आपण एकही जीव न गमावता लोळवला, असं आईंनी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात की व्हिडिओ पाठव, खरं निघालं तर रजा टाकून घरी येतो. (तुम्ही घरी येऊन किती दिवस झाले ते मी मोजत नाही. आई मोजतात.) आपलं गेमचं यंत्र जुनं, ते स्वतः काही रेकॉर्ड करत नाही, मोबाइलवर घेतलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून रेकॉर्डिंगची ती काळी डबी पार्सलने पाठवलीत. यंत्र आणि टीव्ही यांच्या मध्ये लावायची, बटण दाबायचं, झालं. झालं म्हणे!

डबी लावायचं काम अर्थातच तुमच्या दादांनी अंगावर घेतलं. उशीला अभ्रा सरळ घालता येत नाही, पण वायरी दिसल्या की या माणसाच्या अंगात येतं. आत यायची वायर त्यांनी बाहेर जायच्या जागी लावली आणि टीव्ही काळाठिक्कर पडला. वायरी बदलल्यावर टीव्हीवर चित्र आलं, तर रेकॉर्डिंगमध्ये अंधार. टीव्ही दुरुस्तीवाला म्हणाला, कुणी नक्कल करू नये म्हणून गेमच्या यंत्रातच कुलूप असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन काढा. ते आईंनी काढलं. आम्ही दोघं तोवर चष्मे शोधत होतो. डबीबरोबर आलेला माइकही दादांनी लावून टाकला, कारण खोक्यातली एखादी वस्तू उरली की आपलं काहीतरी चुकलं असं त्यांना वाटतं. मग डबी समोर बरी दिसत नाही म्हणून ती टीव्हीच्या मागे सरकवायला वाकले आणि तसेच राहिले.

रविवारी आई खेळायला बसल्या. मी टीव्हीमागे हात घालून चाचपडत बटण दाबलं. आता तुमच्या आईंचा स्वभाव तुम्हाला मी सांगायला नको. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म गेलेला. दुसऱ्याने बंद केलेला गॅस पुन्हा पिळून बघितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. माझी पाठ वळताच त्यांनीही हात घालून तेच बटण दाबलं, खात्री म्हणून. एकदा दाबलं की सुरू आणि पुन्हा दाबलं की बंद, हे त्या दिवट्या डबीचं तंत्र. दिवा मागे लपलेला, आणि टीव्हीवरचं चित्र दोन्ही वेळा तसंच. मग आई अशा खेळल्या, भाऊजी, की दादा पाठ विसरून उभे राहिले. राक्षसाचे आठही हात गेले, आईंचा एकही जीव गेला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी मोठ्या शहाणपणाने बटण दाबून रेकॉर्डिंग ‘बंद’ केलं.

म्हणजे सुरू केलं. आतलं कार्ड भरेपर्यंत डबीने गेमचा जागचा न हलणारा पहिला पडदा आणि आमची बडबड इमानेइतबारे टिपली. लढाईचा एक क्षण त्यात नाही. दादांनी सगळं खापर माझ्यावर फोडलं, मी डबीवर फोडलं. आई एवढंच म्हणाल्या, ‘‘राहू दे गं, त्याला तिकडे कामं असतील.’’ त्या दिवसापासून त्यांनी खेळाला हात लावलेला नाही. मला त्याचाच राग येतो आहे.

तुमची,
वैतागलेली वहिनी

ता. क. : कार्ड सोबत पाठवते आहे. सुरुवातीला एक बाई तुम्हाला आळशी, आपमतलबी आणि आणखी बरंच काही म्हणते. तो आवाज माझ्यासारखा वाटला तरी तिकडे दुर्लक्ष करा.

आणखी एक : त्यानंतर आम्ही दोघं बाजारात गेलो. आई खोलीत एकट्या आहेत. कपाट उघडल्याचा आवाज येतो, चादर झटकल्याचा येतो, आणि मग त्या स्वतःशीच बोलतात, ‘‘आता येईल. शब्द दिलाय त्याने.’’ एवढं मात्र आवाज वाढवून ऐका.

शेवटचं : डबी मी पार्सल करणार नाही. हवी असेल तर स्वतः येऊन घेऊन जा.