बर्फ वाजत नाही

३ मे, सोमवार

बर्फ वाजत नाही! सकाळपासून कॉर्नफ्लॉवरची तीन पाकिटं फोडली, तिन्ही मुकी. पीठ कापडी पिशवीत भरायचं, पिशवी घट्ट बांधायची, तिच्यावर बूट घालून चालायचं – की कर्र, कर्र, कर्र. ताज्या बर्फावरची पावलं! स्टुडिओतल्या आमच्या खोलीतून जेवढे म्हणून बर्फाचे चित्रपट गेले, त्यातल्या सगळ्या बायका माझ्या पायांनी चालल्या. आणि आज पिशवीवर पाय दिला तर उशीवर दिल्यासारखा.

जेवणाच्या सुट्टीत जाऊन दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. "अहो बाई, तीच कंपनी, तेच पाकीट. लोक नेतात, सूप करतात, कोणाची तक्रार नाही!" सूप काही कानाने पीत नाहीत, हे त्याला कोण सांगणार. चौथं पाकीट घेऊन आले. तेही तसलंच.

आमचे हे म्हणाले, पिशवी बदलून बघ. बदलली. काचेमागचा म्हणाला, "वहिनी, जरा हलके पाय." हलके! आवाज निघत नाही म्हणून मी इकडे पाय आपटतेय आणि हा म्हणे हलके.

काचेमागचा म्हणजे रेकॉर्डिंग करणारा. तो काचेपलीकडे बसतो आणि आमच्याशी स्पीकरमधून बोलतो. तो स्पीकरही बिघडलाय. बोलणं कसं गोधडीतून आल्यासारखं येतं. दोनदा सांगून झालं, दुरुस्त करत नाहीत.

बाहेर ऊन मी म्हणतंय. पंखा लावायची सोय नाही, माइकमध्ये घरघर येते. घामाच्या धारा लागल्यात आणि बर्फात चालतोय!

४ मे, मंगळवार

समोरच्या वहिनींनी आज पुन्हा विचारलं, "तुम्ही दोघं नक्की करता तरी काय?" म्हटलं, "मी चालते, हे पडतात." त्या हसल्या. पण खरंच आहे की! चित्रीकरणात माणसांचं बोलणं तेवढं नीट धरतात. पावलं, कपड्यांची सळसळ, कप ठेवणं, दार लावणं, धडपडणं – ते सगळं मागाहून आम्ही पडद्याकडे बघत बघत करतो. बायका माझ्याकडे, पुरुष यांच्याकडे.

हा चित्रपट हलकाफुलका. बर्फाच्या डोंगरावरचं हॉटेल. हिरोईनचं लग्न मोडलंय, पण हनिमूनसाठी घेतलेली खोली रद्द होत नाही, म्हणून ती हट्टाने एकटीच येऊन राहते. हिरो म्हणजे हॉटेलचा गरम पाण्याच्या बंबाचा मिस्त्री. ती त्याला स्की शिकवणारा समजते आणि हाही खुळा नाही म्हणत नाही. मग काय – पडतोय! उतारावरून पडतो, वर जाणाऱ्या पाळण्यातून पडतो, एकदा तर नुसता उभा असताना पडतो.

त्यामुळे आमची स्वारी खुशीत. पडण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही. जाड कोट चढवतात, गादीवर अंग झोकून देतात, पडता पडता एका हाताने ओला टॉवेल आपटतात, वर तोंडाने "हुप्". काचेमागचा हसून हसून खुर्चीतून घसरतो. घरी आल्यावर कंबर शेकायला मी आहेच.

माझं काम जास्त अवघड, पण ते दिसत नाही. तिला पडायचं नाही, नुसतं चालायचं आहे. आधी चिडून, मग लाजून, आणि शेवटी त्याचं सोंग उघडं पडल्यावर, बॅग घेऊन एकटी. अख्खा डोंगर पांढरा आणि ती चाललीय. बोलणं नाही, संगीत नाही. फक्त माझी पावलं. असा सीन दहा वर्षांत एखादा मिळतो. तो मला मनासारखा करायचा आहे. आणि बर्फ वाजत नाही!

६ मे, गुरुवार

माझ्या लाल बुटांना कोणीतरी हात लावलाय.

हात नाही, पाय! हिरोईनसाठी मी स्वतः जुन्या बाजारातून शोधून आणलेले बूट. आमच्या खोलीचा एकच नियम – दुसऱ्याच्या पात्राचे बूट घालायचे नाहीत. बुटाला एकदा एका पायाची सवय लागली की चाल बिघडू द्यायची नाही. नवीन माणूस आला की हे पहिल्या दिवशी हेच बजावतात. आणि आज बघते तर बंद पार सैल, चवडा रुंदावलेला, आत कॉर्नफ्लॉवर!

कोणीतरी बाई आहे. चांगली थोराड पायांची. माझ्या आधी येते, माझं काम करते आणि निघून जाते. हे रोज माझ्याआधी दोन तास निघतात, "खोली उघडायला". खोलीला एक कुलूप आहे. दोन तास!

घरी आल्यावर छडा लावायचा म्हणून विचारलं. हे नळाखाली डबे घासत होते, पाठ माझ्याकडे. म्हटलं, "माझे बूट कोणी घातले होते?"

उत्तर नाही. डबा घासतायत! मी दारात उभी, उत्तराची वाट बघत, आणि हे आपले घासतायत. मग वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच काही बोलावं. मी का बोलू? एकदा विचारलं, पुष्कळ झालं.

७ मे, शुक्रवार

अबोला. यांना जड जातोय, दिसतंय. मला नाही.

८ मे, शनिवार

आमच्या धंद्यात अबोला फार सोयीचा. माइक चालू असताना बोलायचंच नसतं, सगळं हातवाऱ्यांनी. हात वर – थांब. बोट गोल – पुन्हा. काचेमागच्याला दोन दिवस पत्ताच नाही. उलट म्हणाला, "काय शांतता आहे हो आज! रोज अशी असती तर वेळेत संपलं असतं."

यांनी चहा आणून ठेवला. मी कप दुसरीकडे सरकवला. यांनी तो पुन्हा माझ्याकडे सरकवला. काचेमागचा ओरडला, कपाचा आवाज येतोय.

९ मे, रविवार

ताईला फोन केला. तिचं नोकरीवाल्या मुलींचं वसतिगृह आहे, एकटीला आता आवरत नाही. कधीची म्हणतेय ये. म्हटलं, चित्रपट संपला की येते, कायमची. ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, काय? तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा विचारलं, तर खेकसली – "अगं, फोन नीट धर ना कानाला! म्हणतेय, त्यांना सांगितलंस का?"

सांगितलं नाही. सांगायला बोलावं लागतं.

या घरातले पैसे, पाहुणे, आजारपणं, सगळं आम्ही एकमेकांना विचारून केलं. भांडलो तेही समोरासमोर. आणि माझी जागा दुसरीला द्यायची तेव्हा मात्र माझ्या पाठीमागे? मी म्हातारी झाले, पाय चालत नाहीत, असं तोंडावर सांगितलं असतं तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईला स्वतः शिकवलं असतं. याचं वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

शनिवारचं तिकीट काढलं.

१० मे, सोमवार

आज दिग्दर्शक आला होता. पोरसवदा आहे, या उकाड्यातही लोकरीची टोपी. झालेलं काम ऐकून माझ्याकडे धावत आला, दोन्ही हात हातात घेतले. तोंडाजवळ तोंड आणून बोलतो, एक बरं, शब्द न् शब्द कळतो. "काय पावलं दिलीत! ती लाजते तेव्हा पाऊल टाकावं की नको असं होतं ना, ते इथून ऐकू येतं!" आणि छातीवर हात.

मी पडद्यावर बघितलं. तोच सीन. त्या सीनमध्ये मी पाय आपटला होता. मला चांगलं आठवतं. आवाज निघेना म्हणून धाडधाड आपटला होता. तो लाजणारा पाय माझा नाही.

हे आणि काचेमागचा एकमेकांकडे बघत होते. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. लगेच दोघंही वायरी गुंडाळायला लागले.

कौतुक ऐकून घेतलं. "बरं" म्हटलं. दुसरीचं कौतुक माझ्या पदरात, आणि ते मी मुकाट्याने घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, पण घाम आहे म्हणून चालून गेलं.

११ मे, मंगळवार

दोघांचा एकत्र चालायचा सीन. तो तिला दुकानापासून हॉटेलपर्यंत सोडतो. हे शेजारच्या पिशवीवर, मी माझ्या पिशवीवर. यांचा पाय पडला की माझा. पडद्याकडे बघायचीही गरज पडत नाही, इतकी सवय. मी यांच्या गुडघ्याकडे बघत चालले. पहिल्याच झटक्यात झालं. गेल्या आठवड्याभरात हे एकच काम धड झालं असेल.

संपल्यावर हे हसले. मीही हसले असते, पण बूट आठवले.

१२ मे, बुधवार

पाचवं पाकीट. दुसऱ्या दुकानातून, महागातलं. मुकं. यांनीही एक पाकीट आणून ठेवलंय, ते फोडलंच नाही, कशाला?

१३ मे, गुरुवार

आज तिचा एकटीचा सीन केला.

जीव ओतून केला. ती कशी चालेल याचा आठवडाभर विचार केला होता. आधी जोरात, कारण राग आहे. मग अर्ध्या वाटेवर पाय मंदावतात, कारण मागून कोणी येत नाहीये. मागून कोणी यावं असं तिला वाटतंय आणि ते ती स्वतःलाही सांगत नाहीये. मला वेगळं काही करावंच लागलं नाही. ती जशी चालली तशी मी चालले.

संपलं. काचेमागच्याने अंगठा वर केला, पण मान खाली घालून. यांनी पाठ फिरवून टॉवेल पिळला. कोरडा टॉवेल!

तेव्हाच कळलं, हाही बदलणार. उद्या सकाळी ती थोराड पायांची बाई येणार आणि माझ्या पावलांवर तिची पावलं चढवणार. बाकी सगळे सीन ने बाई, पण हा? हा देणार नाही. तिचा पाय आत जाऊ नये म्हणून निघताना बुटाच्या टोकात कागदाचा बोळा कोंबला, आणि मग माझंच मला हसू आलं. बोळा कशाला? उद्या यांच्यामागून पंधरा मिनिटांनी निघते. मुद्देमालासकट धरते. चार शब्द तिला, चार यांना, आणि शनिवारी गाडी.

बॅग भरून ठेवली. यांनी बघितली. काहीतरी बोलले असावेत, ओठ हलले. मी कपाट लावलं.

१४ मे, शुक्रवार

बाई नव्हती. हे होते.

पायात माझे लाल बूट. पडद्यावर ती बॅग घेऊन चाललेली आणि हे तिच्याबरोबर, कंबर सांभाळत. आधी जोरात, मग मंद. हुबेहूब मी काल चालले तसे. पिशवीही माझीच, त्याच मुक्या पिठाची. मी काचेमागच्याच्या पाठीशी उभी होते. त्याचे मोठे स्पीकर चालू होते, आणि प्रत्येक पावलाला आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा उडत होता. प्रत्येक पावलाला.

मला एकही पाऊल ऐकू आलं नाही.

हे बाहेर आले, मला बघून दारातच थांबले. अबोला मीच मोडला. म्हटलं, "त्या दिवशी नळापाशी मी विचारलं होतं, बूट कोणी घातले. तुम्ही काही बोलला होतात?"

हे जवळ आले. माझ्यासमोर, तोंड दिसेल असे उभे राहिले आणि सावकाश म्हणाले, "बोललो होतो. मी घातले, म्हणालो होतो."