पणजोबांचा हट्टी रंधा

बाबा,

स्वयंपाकघराचं दार लावून बघा. आता एका बोटानं लागतं! तुम्ही फिरायला गेलात तेवढ्यात पणजोबांच्या पेटीतला रंधा काढला आणि दाराची कड मीच तासली. ओरडू नका, आधी ऐका.

ती हत्यारं घरात कुणाचंच ऐकत नाहीत म्हणता. आजोबांनी हात टेकले, मग तुम्ही, म्हणून पेटी विकायला काढलीत. अहो, हत्यारं कसली हट्टी? पणजोबा डावखुरे होते! रंध्याच्या मुठीवर अंगठ्याचा खळगा कुठल्या बाजूला पडलाय ते आजोबांनी आणि तुम्ही कधी बघितलंच नाही. माझा अंगठा मात्र त्यात बरोब्बर बसला. लहानपणी माझी पेन्सिल तुम्ही किती वेळा या हातातून त्या हातात दिलीत, आठवतं?

जुन्या वस्तू घेणारे गृहस्थ अकराला येतील. त्यांना पेटी सगळ्या मूळ हत्यारांसकट हवी आहे. रंधा तर मी घेऊन चाललेय, शेजारच्या काकूंचं कपाट अडकतंय. तेव्हा त्यांना चहा द्या, पेटी देऊ नका.

आणि अक्षर वेगळं दिसतंय म्हणून गोंधळू नका. माझंच आहे, डाव्या हाताचं.

तुमची धाकटी