टाचणी न उचलणारा खडा

प्रिय रूपश्री,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, लागेल तसं लाव.

घरी सगळे धडधाकट. खालच्या सुप्रीताक्कानं नवा मिक्सर घेतलाय, पहाटेपासून घरघर. तुझ्या बापाचं, माझ्या वेणूचं, शिलाईचं दुकान चालू आहे, तोंड बंद आहे. दोन्ही ठीकच.

दसऱ्यातल्या आयुधपूजेचं मी विसरले नाही. कात्र्या, मशिनं, इस्त्री मांडली, तसा तूही तुझा लॅबमधला खडा मांडलास, कुंकू लावलंस. माझी हरकत नव्हती. ज्याचं जे हत्यार. वेणूनं मात्र चारचौघांत कॉलरची टाचणी काढून खड्याला लावली, आणि ती पडल्यावर म्हणाला, एवढी शिकली, एवढं लोहचुंबक केलं, ते टाचणीसुद्धा उचलत नाही. पाहुणे हसले. तू खडा उचललास नि जेवायलाही थांबली नाहीस. तुझ्या वाटणीची पुरणाची होळिगे कुत्र्यानं खाल्ली.

तू समजावलं होतंस ते मला थोडं कळलं होतं. दुर्मिळ धातू वितळवून केलेला खडा. घरच्या हवेत त्याच्या आतले बारीक चुंबक वाटेल तिकडे तोंड करून बसतात, बर्फाहून कितीतरी गार केला की सगळे एकदम एका दिशेला वळतात. आणि गार होताना जिथं बदलतो, तापताना तिथंच परतत नाही, आणखी पुढं जाऊन परततो. मी तेव्हाच म्हटलं, म्हणजे हा आपल्या घरातलाच.

गेल्या आठवड्यात तुझ्या लॅबमधला महांतेश पँट शिवायला आला. वेणूनं माप घेता घेता त्याला सोडलंच नाही. किती गार, कशानं गार, आतले वळले हे बाहेर कळतं कसं. माप दोनदा घेतलं, तरी पँट आखूड झाली. टाचणी पडली ती खड्याची चूक नव्हती, हे त्याला कळलंय. तोंडानं म्हणणार नाही. वाट बघू नकोस, मीही त्याच्या बापाची बघत बसले होते.

बुधवारी तू खडा गार करणार आहेस म्हणे. वेणूनं बुधवारचं एकही काम घेतलं नाही. विचारलं तर म्हणतो, स्वल्प आराम. म्हणून हे पत्र. गेटवर आम्हा दोघांची नावं देऊन ठेव. खडा गार करायच्या यंत्राजवळ लोखंड चालत नाही म्हणाली होतीस, तेव्हा त्याच्या कॉलरच्या टाचण्या मीच काढून घेणार होते. आज सोमवार. सकाळी चहा देताना बघितलं, तर कॉलर आधीच मोकळी.

तुझीच आजी
(आणि त्याची आई, काय करणार)