साऊला मारलेली हाक

प्रिय हिएन,

'प्रिय' लिहिताना हात अडखळेल असं वाटलं होतं, अडखळला नाही. काल तुझी ताम आत्या तबक घेऊन आली. विड्याची हिरवीगार पानं, सुपारीचा अख्खा घड आणि वर लाल रुमाल. माझ्या घरात सपाट जागा एकच, ती म्हणजे साऊचा फोटो ठेवलेला देव्हारा. म्हणून तबक मी तिथंच ठेवलं, त्याच्या उदबत्तीच्या भांड्याला लागून. आत्याचा चेहरा पडला. म्हणाली, अगं, ते तिथं कशाला? मी म्हटलं, त्याच्या बायकोला मागणी आलीय, त्याला कळायला नको? ती चहा न पिताच उठली. जाताना बजावून गेली की, पुलाचं उद्घाटन होण्याआधी होय की नाही ते सांग, पोरगा झुरतोय. तिच्याकडे तोंडी उत्तर दिलं असतं, पण ती ते साखरेत घोळवून तुझ्यापर्यंत आणेल आणि मला ते गोड व्हायला नको आहे. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच. होय की नाही, ते शेवटीच आहे.

तू शहरातल्या कचेरीत बसतोस, म्हणून इकडची खबर सांगते. पुलाचे दोन्ही हात एकदाचे मधोमध जुळले. खांबांभोवतीचे क्रेनचे तराफे गेले, पाण्यातल्या लोखंडी भिंती उपटून नेल्या, आता खांबांमधले सगळे गाळे मोकळे आहेत. होड्या वाटेल त्या गाळ्यातून जातात, कुणी कुणाला थांबवत नाही. मुओई काकूचा धंदा बसला. रांगेत ताटकळणाऱ्या मचव्यांना होडीतून शेवयांचा रस्सा विकून तिनं घराचं छप्पर बदललं होतं. आता ती पुलाकडे बघून बोटं मोडते. म्हणते, रांगच नाही तर शेवया काय माशांना घालू? तुझा तो पिवळा तराफा तेवढा अजून काठाला बांधलेला आहे, छतावर भोंगा तसाच आहे. पोरं त्यावरून पाण्यात उड्या मारतात.

त्या तराफ्यावर तुला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. माझ्या बापाला 'मागणी घालायला येतो' म्हणून दोन वर्षं झुलवलंस, शहरातून एक निरोप धाडला नाहीस. बापानं कंटाळून मला साऊच्या मचव्यावर चढवलं. आणि मग तू आलास तो पुलाबरोबर आलास, नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी, हातात लाल-हिरवी निशाणं. सगळ्या नदीत एकच गाळा उघडा, एका वेळी एकाच बाजूच्या होड्या सोडायच्या, आणि कुणी कधी जायचं ते तू ठरवायचास. मी तुसाच्या ढिगावर उभी होते. भाताच्या तुसाचा मचवा तुला सांगायला नको. ढीग एवढा चढवतात की सुकाणूवरच्या माणसाला पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. बायको ढिगावर उभी राहून हात दाखवेल तिकडे नवरा वळवतो. मी हात दाखवायचा विसरले. मचवा झाडीत घुसला. साऊ मागून ओरडला, काय गं, झोपलीस का उभ्या उभ्या? मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं.

त्यानंतर वीटभट्टीला तूस पोचवायची प्रत्येक खेप तुझ्या तराफ्यासमोरून गेली, आणि प्रत्येक खेपेला आमचा मचवा तू सगळ्यांच्या शेवटी सोडलास. मला बघायला. लोकांना वाटायचं, तुसाचा मचवा मोठा, म्हणून मागे ठेवतो. साऊला वाटायचं, तू फार जपून काम करतोस. एवढा भाबडा माणूस मी पाहिला नाही. तुझ्यासाठी तो मासा वेगळा काढून ठेवायचा, नारळपाण्यात शिजवलेला, आणि मलाच द्यायला पाठवायचा. डबा देताना तू माझी बोटं धरायचास आणि तो मागून विचारायचा, मीठ बरोबर पडलंय का विचार गं त्याला.

तुला इंजिनिअर थिन आठवतो ना? हनोईचा, गोरा, उन्हानं सोललेला. त्यानंच येणाऱ्या प्रत्येक होडीच्या नाकाला आकड्याची पत्र्याची पाटी बांधायची पद्धत काढली. प्रवाहाच्या वरच्या अंगाची रांग असो की खालच्या अंगाची, आकडे एकापुढे एक. ज्याचा आकडा भोंग्यावर पुकारला त्यानं निघायचं. कागदावर झकास. फक्त त्या बिचाऱ्याला हे ठाऊक नव्हतं की दक्षिणेत आईबाप पोरांना आकड्यांनीच हाक मारतात. पहिल्याच दिवशी तू 'बा' म्हणून पुकारा केलास, म्हणजे तीन, आणि पाटी कुठलीही असो, नदीतले झाडून सगळे 'बा' इंजिनं सुरू करून निघाले. घरातली दुसरी पोरं ती, आमची मोजणीच दोनापासून! थिन तराफ्यावर थयथय नाचला. तुमच्याकडे पोरं मोजतात की म्हशी, आणि पहिल्याला 'दोन' म्हणता, तर मग एक नंबर गेला कुठे? तू हसून सांगितलंस, साहेब, एक नंबरवर भुतांचा डोळा असतो, म्हणून आमच्यात पहिलं कुणी जन्मतच नाही. आणि मुओई काकूनं रस्सा ढवळत जोडलं, मोजली नाहीत तर नदी किती घेऊन गेली ते कळायचं कसं, साहेब? सगळी रांग खदखदून हसली. काकूची दोन गेलेली आहेत, ती सगळ्यात मोठ्यानं हसली.

तेव्हापासून थिनचा हुकूम झाला: आकड्याआधी 'नंबर' म्हणायचंच. 'नंबर बा', 'नंबर साऊ'. विसरलास तर घरी जा. तू कधी विसरला नाहीस. माझा नवरा घरातलं पाचवं पोर, म्हणून साऊ, म्हणजे सहा. भोंग्यावर 'नंबर साऊ' आलं की तो डुलक्या काढत पडून राहायचा, आणि रांग संपल्यावर तू भोंगा बाजूला ठेवून तोंडानं 'साऊ ओय' अशी घरच्यासारखी हाक मारलीस की उठून इंजिन फिरवायचा. किती खूश व्हायचा! म्हणायचा, चांगला पोरगा आहे, बाकीच्यांना पाटी बघून बोलावतो, मला नावानं.

आता त्या सकाळचं लिहिते. चौकशीत तू काय सांगितलंस ते सगळ्या काठाला पाठ आहे. वरच्या अंगाला वाळूचे बार्ज ओढणारी टगबोट उभी होती, तिची पाटी सहाची. आमची पाटी अकराची, खालच्या अंगाला, रांगेत सगळ्यात पुढे. तू टगबोटीला हिरवं निशाण दाखवलंस, भोंग्यावर सहाचा पुकारा केलास, पण 'नंबर' म्हणायचं राहिलं. जीभ घसरली. माझ्या नवऱ्याला ते आपलं नाव वाटलं, आणि दोघंही एकाच गाळ्यात शिरले. ओहोटीच्या ओढीनं येणारे बार्ज कुणाला थांबवता येतात? थिननं एकेकाला विचारलं, यानं 'साऊ' पुकारलं का? सगळे म्हणाले, हो, पुकारलं. खोटं कुणीच बोललं नाही. पोलिसांनी मेलेल्याचं खरं नाव विचारलं तर रांगेतल्या एकालाही सांगता येईना. फुअक होतं त्याचं नाव. एका शब्दाची चूक, म्हणाले, आणि तीही आपल्याच लोकांच्या खुळ्या रीतीमुळे. दुसऱ्या दिवसापासून पाट्यांवर आकड्यांऐवजी फळांची चित्रं आली, आणि तुला दमला आहेस म्हणून कचेरीत खुर्ची दिली.

तुझं तर कौतुकच झालं. कपड्यानिशी पाण्यात उडी घेतलीस, साऊच्या बायकोला केसाला धरून ओढून काढलंस. नदीवर तुसाचा थर पसरला होता, पाणी दिसतच नव्हतं, नाकातोंडात तूस जात होतं. मी त्या थरातून डोकं वर काढलं आणि तू मला पाहिलंस. तेव्हा तू काय बोललास, आठवतं? लागलं का, म्हणाला नाहीस. साऊ कुठे, म्हणाला नाहीस. तू ओरडलास, 'तू वर नव्हतीस! तू वर नव्हतीस ना!' पुन्हा पुन्हा तेच. लोकांना वाटलं, पोरगा घाबरून बरळतोय. मीही तेव्हा तसंच समजले. नंतर साऊला गळ लावून वर काढला. मी त्याच्या तोंडातलं तूस बोटानं काढत बसले होते. ते काढता काढता मला तुझं बोलणं कळलं.

खरंच, मी वर नव्हते. ढिगावर कुणी दिसलं नाही, तेव्हा तुला वाटलं मी माहेरी आहे. मी मागे छपराखाली बसले होते, चांगले कपडे घालून, मांडीवर गाठोडं घेऊन. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगणारा एकच होता. साऊला सगळं ठाऊक होतं, हिएन. तो भाबडा होता, आंधळा नव्हता. आदल्या खेपेला जेवताना म्हणाला, लुआ, तू ढिगावर उभी राहून नदी बघत नाहीस, त्याला बघतेस, एक दिवस आपण तिघंही बुडू. मग बराच वेळ माशाचे काटे काढत राहिला आणि म्हणाला, मीच सोडतो तुला. गाळा ओलांडला की तराफ्याला मचवा लावतो, तू उतर. ती मोठी कढई तेवढी मला ठेव. मी मान हलवली. मला रडू आलं नाही, आनंद झाला. गाठोडं मी गुणगुणत बांधलं. तो तुझ्याकडे मला पोचवायला निघाला होता. तू फक्त त्याला रांगेनं सोडायचं होतंस. तेवढा दम तुला निघाला नाही.

तुझी हाक आली तेव्हा त्यानं सुकाणू धरलं, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, घे, आलं बोलावणं, आज तर सगळ्यांच्या आधी सोडतोय बघ, घाई झालीय त्याला. टगबोटीचं नाक तुसाच्या ढिगावर चढलं तेव्हा त्यानं मला पायानं ढकलून पाण्यात पाडलं. लाथच ती. लग्न झाल्यापासून त्यानं मला लावलेला एवढा एकच पाय.

आता उत्तर. आमचा मचवा तुझ्या तराफ्याला सगळ्यात जवळ होता आणि आमचं इंजिन बंद होतं. मागच्यांची इंजिनं धडधडत होती, त्यांना 'साऊ' तेवढं ऐकू आलं. मला पुढचंही ऐकू आलं. भोंग्यातून तू म्हणालास, 'साऊ ओय'. 'नंबर' म्हणायचं राहून गेलं असेल, जीभ घसरते माणसाची. पण जीभ घसरली तर शब्द गळतो, जास्तीचा येत नाही. आई जेवायला बोलावते तेव्हा ओय म्हणते, फार तर कुत्र्याला म्हणते. आकड्याला कुणी ओय म्हणत नाही, हिएन. हे मी चौकशीत सांगितलं नाही, सांगणारही नाही. हनोईच्या माणसाला त्यातलं काय कळणार होतं? ते तुझ्यासाठीच राखून ठेवलं होतं, तू मागणी घालशील त्या दिवसापर्यंत. तू घालणार हे मला माहीत होतं. तबक परत पाठवत नाही, ते साऊसमोर आहे तिथंच राहील. उद्घाटनाआधी ये. तराफा आहे, भोंगा आहे. मी मुओई काकूच्या होडीत त्याच गाळ्याखाली थांबते. तू तशीच हाक मार, त्या दिवशी मारलीस अगदी तशीच, मऊ आवाजात, 'साऊ ओय' म्हणून. त्यानं ओ दिली, तर त्याच दिवशी मी तुझ्या घरी येते.

तुझीच होता होता राहिलेली,
लुआ