अमावस्येपर्यंत पुष्य

तिरोडा, १४ मार्च १९३८
मेष, वृषभ, मिथुन, कर्क. जुन्या वर्गातला तो सूर आज अंगणात बसल्याबसल्या कानात आला. ‘कर्क’ म्हणताना पोरं मुद्दाम पाट्या आपटायची. बारा राशींत सर्वांत फिकी तीच, म्हणून मी तिच्यावर कविता केली होती. मिथुन आणि सिंह यांच्या मधोमध, पोटात पुष्याचा पुंजका, फुंकलेल्या राखेसारखा.

आमची मंडळी, टेकचंदची माय, म्हणते, मोतीबिंदू आहे, नागपूरला पोराकडे जाऊन ऑपरेशन करा. धानाच्या बांधीतला केकडा आभाळात कायले शोधून राहिले, म्हणते. पैज लावली. अमावस्येपर्यंत पुष्य दिसला नाही तर मुकाट्याने जाईन. ऑपरेशनमध्ये नंदलाल मास्तरांची होती तेवढी नजरही गेली. हे तिला सांगितलं नाही.

१६ मार्च
पौर्णिमा. चांदण्यात कर्क दिसत नाही, हे शास्त्र आहे. घाई नाही.

२३ मार्च
शेजारच्या बिसरामने मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवला. सगळा धूर आभाळात. रागावलो. तो म्हणाला, गुरुजी, पाला परवाच जळला, आज कायचा धूर? उद्धट.

२७ मार्च
शाई फिकी निघाली. दुकानदार पाणी मिसळतो. राकेलही भेसळीचं, कंदील पेटल्यासारखा वाटत नाही. उद्यापासून रोज गाजर.

२९ मार्च
मंडळीला पुष्य दिसला, म्हणे. धुई सांडल्यावानी, धुक्यासारखा. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, तिने काय ओळखलं! जेवलो नाही.

३१ मार्च, अमावस्या, जेवणानंतर
जिंकलो. मान वर केली आणि दिसला. मंडळीचं बोट धरून दाखवलं, हा मिथुन, तो सिंह, मधे पुष्य. कविताही म्हटली, सबंध. ती म्हणाली, अजी, सांजपासून आभाळ भरून हाये. एक चांदणी नाई.

तेवढ्यात फाटक वाजलं. बिसराम. बरा सापडला. धुराबद्दल कडक बोललो. तो पाया पडला. म्हणाला, बाबूजी, मी टेकचंद. मायनं बोलावलं.

तीन वर्षांनी आला. सकाळच्या गाडीने नेणार. पोर वाळलं की भरलं, मंडळीला हळूच विचारीन.